वळणात मावेल ती गाडी

मांजर्ली, बदलापूर (प.)
२ फेब्रुवारी २०२५

हिंदुरावदादा,

नमस्कार. फोनवर तुम्हाला माझं ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तुम्ही ट्रंकेतच ठेवणार, हे मी आता धरून चाललो आहे. म्हणून हे पत्र. गोमा रोज आमच्या गल्लीत दूध घालायला येतो, त्याच्याकडे देतो आहे. शेजारी असून तुमच्याशी बोलत नाही, पण पत्र पोचवीन म्हणाला.

तुम्हाला पत्र विनिताच लिहायची. मी खाली सही करत होतो. आता सगळंच माझ्यावर आलं आहे, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

बातमी चांगली आहे. तुमची भाची गाडी घेते आहे. जिज्ञासाला दिवाळीत कंपनीने बढती दिली. अंबरनाथच्या त्या कारखान्यातून औषधाची एकही खेप तिची सही झाल्याशिवाय बाहेर जात नाही. गाडी तिच्या पगारातून, तिच्या नावावर. महेशरावांनी स्वतः सांगितलं की माझं नाव नको, गाडी हिची. मला जावई चांगला मिळाला.

तीन ओळींची मोठी गाडी घ्यायची ठरलं आहे. घरात ती दोघं, त्यांचं पोर सोनू, महेशरावांचे आईवडील आणि बाहेर जायचं झालं की मी. दोन गाड्या नजरेत आहेत. आमचे व्याही विष्णुपंत यांनी त्यांना थोरली आणि धाकटी अशी नावं ठेवली आहेत. थोरली लांबरुंद आहे, आत ऐसपैस. धाकटी अंगाने कमी, पण तिच्या तिसऱ्या ओळीत मोठ्या माणसाला अवघडून बसावं लागतं. जिज्ञासाचं मन थोरलीवर आहे. ती बोलून दाखवत नाही. मोबाइलवर मात्र थोरलीचेच फोटो पुन्हा पुन्हा काढून बघते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. गाडी पाडव्याला येईल. विष्णुपंत म्हणतात पहिली फेरी टिटवाळ्याला गणपतीला. मी काही बोललो नाही. माझ्या मनात आहे की पहिली फेरी तुमच्याकडे व्हावी, तुमच्या अंगणापर्यंत. गेल्या वैशाखात विनिताला भाड्याच्या गाडीने आणलं होतं ते तुम्हाला आठवत असेलच. गाडी तुमच्या बांधाच्या वळणात अडली. ड्रायव्हरने पुढेमागे करून बघितलं आणि हात वर केले. आजारपणामुळे विनिताला चालवत नव्हतं. आपण उचलून नेतो म्हटलं, तर ती म्हणाली, आडवी होऊन मी माहेरात जायची नाही. बनूवहिनींनी भाकरी आणि फणसाची भाजी गाडीत आणून दिली. कौलांकडे बघत तिने जेवढी जाईल तेवढी खाल्ली आणि आम्ही परत फिरलो. आषाढात ती गेली.

तेव्हा माझा प्रश्न एवढाच आहे. थोरली त्या वळणात मावेल का? धाकटी मावेल असं मला वाटतं. हे मी जिज्ञासाला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. कारण सांगितलं तर ती लगेच धाकटी घेईल, आणि तसं व्हायला नको आहे. तिने आजपर्यंत सगळ्या वस्तू दुसऱ्यांची सोय बघून घेतल्या. ही एक तिच्या मनासारखी यावी.

वहिनींना नमस्कार.

आपला,
कमळाकर

*

९ फेब्रुवारी

दाजी,

पत्र मिळालं. गोमाने हातात दिलं नाही. कुंपणाच्या काटीला अडकवलं, दोनदा खाकरला आणि गेला. त्याचं खाकरणं मला बरोबर ऐकू येतं. यंत्र लागत नाही.

इतकी वर्षं तुमची सही बघत होतो, अक्षर पहिल्यांदा बघितलं. मुंगीला चष्मा लावावा लागेल एवढं बारीक आहे. पुढच्या वेळी मोठं काढा.

विनूच्या पोरीने गाडी घेतली हे मी पाड्यावर सगळ्यांना सांगितलं. अजून घेतलेली नाही, घेणार आहे, असं बनू मागून सांगत होती. तिला म्हटलं तू गप. औषधाच्या सहीचंही सांगितलं. एका म्हाताऱ्या माणसाने विचारलं, म्हणजे पोरगी डॉक्टर का? मी म्हटलं, डॉक्टरच्या वरची. खोटं असेल तर तुम्ही दुरुस्त करा, मी करणार नाही.

थोरली घ्यायला सांगा. मामाच्या दारात भाची यायची ती गुडघे छातीला लावून यायची का?

वळणाचं मी बघतो.

जेवता का वेळेवर? विनू म्हणायची, भात तुम्हाला जमतो आणि डाळ लागते. बनूने कुळीथ भरून ठेवलेत. गोमाबरोबर पाठवीन म्हणते, पण पाठवायचे तर त्याच्याशी बोलावं लागेल. तेव्हा थोडं थांबा.

हिंदुराव

*

मांजर्ली
२० फेब्रुवारी

हिंदुरावदादा,

अक्षर मोठं काढतो आहे.

रविवारी आम्ही उल्हासनगरला शोरूममध्ये गेलो. दोन्ही गाड्या एकाच आवारात चालवून बघायला मिळाल्या. तिथला जितेश नावाचा सेल्समन सिंधी आहे, चुणचुणीत आहे. तो आधी महेशरावांना माहिती द्यायला लागला, मग मला. महेशराव म्हणाले, "आम्हाला काय सांगता? गाडी मॅडमची आहे." तो लगेच वळला आणि म्हणाला, "सॉरी मॅडम. ये देखो, राजा गाडी आहे. तीनों रोमध्ये एसी."

जिज्ञासाने विचारलं, "मागच्या ओळीत मोठा माणूस तासभर बसला तर उतरताना त्याला हात द्यावा लागेल का?"

"मॅडम, वहाँ तो बच्चे लोग बैठते हैं."

"आमच्याकडे मागे मोठी माणसं बसतात. माझी आई कायम मागे बसायची."

त्यावर त्याने स्वतः मागच्या सीटवर चढून दाखवलं. मला तो तिथून पुढे आवडला.

तिने दोन्ही गाड्या अंबरनाथच्या रस्त्याला नेऊन आणल्या. मी दोन्ही वेळा तिसऱ्या ओळीत बसलो. विष्णुपंत पुढची सीट धरून होते. ते मला आरशातून म्हणाले, "व्याहीबुवा, मागे काय सामानासारखे बसलात? पुढे या." पण पुढची सीट काही सोडेनात. धाकटीत माझे गुडघे खरंच वर आले. थोरलीत मी पाय सोडून बसलो. मनात आलं, विनिताला इथे बरं वाटलं असतं. ड्रायव्हिंग शाळेत जिज्ञासाला हिनेच घातलं होतं. पोरगी एकटी नको म्हणून रोज त्या शाळेच्या गाडीत मागे बसून जायची आणि घरी येऊन मला सांगायची की आज आम्ही रिव्हर्स शिकलो.

परत आल्यावर जितेश म्हणाला, मॅडम, पार्किंग मैं करता हूँ. जिज्ञासा म्हणाली, नको. दोन गाड्यांच्या मधल्या जागेत तिने थोरली एका दमात मागे घेतली. आवारात चारपाच माणसं बघत उभी होती. मी कोणाकडे पाहिलं नाही. पण मला वाटत होतं कोणीतरी विचारावं, ही कोणाची मुलगी.

नंतर सगळे चहा पीत असताना मी टेप घेऊन दोन्ही गाड्यांची लांबी, रुंदी, चाकांमधलं अंतर मोजून घेतलं. पत्रकावर आकडे असतात, पण माझी सगळी नोकरी ड्रॉइंग ऑफिसात झाली, हाताने मोजल्याशिवाय मला पटत नाही. जितेश म्हणाला, "अंकल, गाडी घ्यायची आहे का शिवायची आहे?" मी म्हटलं, मांजर्लीला पुराचं पाणी येतं म्हणून उंची बघतो. तेही खोटं नाही.

घरी आल्यावर पुठ्ठ्यातून दोन्ही गाड्या प्रमाणात कापल्या. आता तुमच्या वळणाचा नकाशा काढला की त्यावर त्या फिरवून बघता येतील. त्यासाठी तुमच्याकडून माप हवं. तुम्ही टेप वापरत नाही, तेव्हा दोरीने घ्या. एक गाठ सरळ रस्त्याच्या रुंदीची, दुसरी वळणात तुमच्या बांधापासून गोमाच्या कुंपणापर्यंतची. दोरीच पाठवून द्या.

एक विनंती. जसं आहे तसं माप द्या. थोरली जात नसेल तर जात नाही. मग मी आणि जिज्ञासा फाट्यावर उतरून चालत येऊ.

आपला,
कमळाकर

*

८ मार्च

दाजी,

दोरी पाठवली आहे. उशीर झाला. हाताला थोडं लागलं होतं, आता बरं आहे. काळजीचं काही नाही.

दोन गाठी आहेत. पहिली सरळ रस्त्याची, दुसरी वळणाची. दुसरीला बनूने लाल चिंधी बांधली, तुम्ही घोळ घालाल म्हणून.

कुळीथही पाठवले आहेत. होय, गोमाच्या हातात दिले.

थोरलीच घ्या.

हिंदुराव

*

मांजर्ली
१२ मार्च

हिंदुरावदादा,

दोरी आणि कुळीथ मिळाले. वहिनींना सांगा, पिठलं केलं, जमलं.

दोरीबद्दल लिहायला संकोच वाटतो आहे, पण न लिहिता राहवत नाही. लाल चिंधीच्या गाठीप्रमाणे नकाशा काढला तर थोरली सहज वळते. पुढेमागेही करावी लागत नाही. आणि वैशाखातली भाड्याची गाडी थोरलीपेक्षा लहान होती, ती अडली. मी स्वतः खाली उतरून उभा होतो. तुमच्या बांधाच्या कोपऱ्याचा दगड तिच्या दाराला घासत होता. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही.

दादा, तुम्हाला भाचीचं कौतुक आहे हे मी समजतो. मामाच्या दारात मोठी गाडी यावी असं वाटणारच. पण त्यासाठी गाठ पुढे सरकवली असेल तर सांगून टाका. मला राग येणार नाही. मला फक्त एका गोष्टीची भीती वाटते. पाडव्याच्या दिवशी, सगळ्यांना घेऊन, जिज्ञासा त्याच जागी अडकेल आणि तिला गाडी मागे घ्यावी लागेल. गेल्या वैशाखात ती कंपनीतून सुट्टी न मिळाल्यामुळे बरोबर नव्हती. ती जागा तिने बघितलेली नाही. तशीच बघायला लागू नये.

तुमच्या त्या कोपऱ्याचं मी पूर्वी कधी बोललो नाही, आजही बोलत नाही. तो तुमच्या वडिलांनी रचलेला बांध आहे. गोमाने दुधाच्या टेम्पोसाठी तो कोपरा मागितला, तुम्ही दिला नाहीत, आणि तेव्हापासून तुमचं बोलणं बंद आहे. जमीन तुमची, निर्णय तुमचा. मला फक्त खरं माप हवं.

आज सकाळी गोमाला विचारलं, वळण केवढं आहे रे? तो हसला, माप दुधाचं विचारा म्हणाला, आणि पुढच्या दाराला गेला.

आपला,
कमळाकर

*

अंबरनाथ
१६ मार्च

मामा,

हे पत्र मी गोमादादांना गुपचूप दिलं आहे. बाबांना कळू देऊ नका.

काल मी बाबांकडे गेले होते. ते अंघोळीला गेले आणि टेबलावर मला नकाशा दिसला. तुमच्या घराचं वळण आणि त्यावर पुठ्ठ्याच्या दोन छोट्या गाड्या. थोरलीच्या पुठ्ठ्याचे कोपरे फिरवून फिरवून मऊ झाले आहेत. शेजारी लाल चिंधीची दोरी.

बाबा मला एवढंच म्हणत होते की तुला आवडेल ती घे. शोरूममध्ये ते टेप लावून मोजत होते तेव्हा मला वाटलं, त्यांना गाडी पसंत नाही म्हणून खोड काढताहेत. मी मनातून रागावले होते. आई असती तर तिने मला एका वाक्यात सांगितलं असतं. बाबा नकाशा काढतात, पण बोलत नाहीत.

मामा, मला खरं सांगा. थोरली दारापर्यंत येईल का? येत नसेल तर मी उद्या धाकटी बुक करते. मला काही वाईट वाटणार नाही. गाडी दारात आली पाहिजे. आई अर्ध्या रस्त्यातून परत फिरली हे मला महेशकडून कळलं. बाबांनी सांगितलं नव्हतं.

थोरलीसाठी मी हट्ट धरला आहे असं समजू नका. एकच सांगते, ती चालवताना मला वाटलं की एवढी मोठी गाडी मी चालवते आहे आणि हात कापत नाहीये. बस.

मामींना नमस्कार. 

तुमची,
जिज्ञासा

*

१८ मार्च

जिज्ञासा,

थोरली घे. बाकीचं मामावर सोड.

येताना हळू ये, म्हणजे लोकांना बघता येईल.

मामा

*

१८ मार्च

दाजी,

दोरी माझ्या हातची आहे. गाठ माझ्या हातची आहे. मी दूध विकत नाही, पाणी घालायला.

पाडव्याला या आणि बघा.

हिंदुराव

*

मांजर्ली
२ एप्रिल

हिंदुरावदादा,

समोर मला बोलता आलं नाही आणि बोललो असतो तर तुम्हाला ऐकू आलं नसतं. म्हणून लिहितो.

माझ्याकडे यंदा गुढी नव्हती. वर्ष व्हायचं आहे. जिज्ञासाच्या घरची गुढी उभारून झाल्यावर सगळे गाडी घ्यायला गेलो. जितेशने चावी तिच्या हातात दिली, हार घातला, फोटो काढला. म्हणाला, "अंकल, अब तो मोजना बस करो." विष्णुपंतांनी टिटवाळ्याचं काढलं. तेव्हा जिज्ञासा त्यांना म्हणाली, "देव समजून घेतो. मामा नाही घेत. आधी मामाकडे."  विष्णुपंत आपली पुढची सीट सोडून मागे गेले आणि मला म्हणाले, "व्याहीबुवा, आज तुम्ही पुढे. रस्ता तुम्हाला माहीत आहे."

मधल्या ओळीत खिडकीची सीट रिकामी राहिली. कोणी ठरवलं नव्हतं. सगळे आपोआप बाजूला सरकून बसले.

बारवीच्या रस्त्याला लागलो. तुम्ही गाठ सरकवली आहे याबद्दल माझी खात्री होती. फाट्यावरून आत वळलो तेव्हा मी जिज्ञासाला सांगितलं, इथेच लावू, पुढे अरुंद आहे. ती म्हणाली, मामांनी ये म्हटलंय. मी खालच्या बाजूला बघत राहिलो.

वळण आलं आणि मला आधी वाटलं आपण चुकीच्या रस्त्याने आलो. कोपरा नव्हता. तो दगडही नव्हता. बांध आत घेतला होता, नवा रचला होता, अजून मातीचा रंग ताजा दिसत होता. आणि पलीकडून गोमाचं कुंपणही हातभर मागे सरकलेलं होतं. गोमा तिथेच उभा होता, हातात काठी घेऊन, ट्रॅफिक पोलिसासारखा. ओरडत होता, "येऊ द्या ताई, येऊ द्या, अजून एक गाडी जाईल बाजूने."

जिज्ञासाने गाडी थांबवलीसुद्धा नाही. एका वळणात थेट अंगणात आणली.

बनूवहिनींनी भाकरतुकडा आधी तिच्यावरून ओवाळला आणि मग गाडीवरून. तिला म्हणाल्या, "विनूच्या हाताचं वळण आहे पोरीला." विनिताला सायकलसुद्धा येत नव्हती, तरी मला ते खरं वाटलं. तुम्ही पायरीवर उभे होता, नवा सदरा घालून. पाड्यातली माणसं जमली होती. त्यांना तुम्ही काय सांगत होता ते मला ऐकू आलं. एकट्या बाईने एवढी गाडी वळवली, तुमच्या पोरांना बैलगाडी वळत नाही. तुमचा आवाज मोठा आहे, दादा. सगळ्यांनी ऐकलं. जिज्ञासा लाजली.

जेवताना तुमच्या हाताकडे लक्ष गेलं. अंगठ्याचं नख गेलं आहे. तुम्ही पत्रात थोडं लागलं लिहिलं होतं. ते दगड तुम्ही एकट्याने हलवले का, हे मी गोमाला विचारलं. तो म्हणाला, "पहिल्या दिवशी एकटाच करत होता. मी कुंपणातून बघत बसलो. दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही, पहार घेऊन गेलो. बोललो नाही काही. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, तिकडून धर."

मी तुमच्या दोरीवर विश्वास ठेवला नाही. मला वाटलं बांध हलणार नाही, तेव्हा दोरीच हलली असेल. माप घेणाऱ्या माणसाने असं समजायला नको होतं. क्षमा करा.

निघताना तुम्ही त्या रिकाम्या सीटवर येऊन बसलात. फाट्यापर्यंत सोडा म्हणालात. खिडकीतून मागे कौलांकडे बघत होता. फाट्यावर उतरलात आणि चालत परत गेलात. जिज्ञासा तुम्ही वळणाआड जाईपर्यंत गाडी सुरू ठेवून उभी होती. मग ती डोळे पुसून म्हणाली, "बाबा, आता टिटवाळा?" मागून विष्णुपंत म्हणाले, "आता कुठेही."

दोरी माझ्याकडेच ठेवतो आहे.

आपला,
कमळाकर

*

९ एप्रिल

दाजी,

क्षमाबिमा नको. तुम्ही मोजता, मी खणतो. दोघांचं काम झालं.

बाबांनी बांध रचला तेव्हा विनू परकरात होती. चिखल कालवून द्यायची. नवा बांध घालताना तिच्या हातचे दगड कोणते ते ओळखू येत होते, छोटे छोटे. ते मी वरच्या थराला लावले आहेत. पुढच्या वेळी याल तेव्हा दाखवीन.

गोमाचा टेम्पो आता दारातून जातो. बोलायला लागला तर थांबत नाही. आधी बरं होतं.

बनू अंगण सारवायला निघाली होती. मी सांगितलं, गाडीच्या चाकांचे वण सोडून सारव. ती म्हणाली, लोक हसतील. म्हटलं, हसू दे. तेवढ्यात पलीकडची म्हातारी आली आणि विचारलं, हे कशाचे वण? बनूनेच सांगितलं. आमच्या विनूची लेक आली होती, दारापर्यंत.

हिंदुराव